महाबळेश्वरच्या उंचीवर सीओ-टू अ‍ॅनालायझर कमी दाखवत होता, तेव्हा

मशरूमच्या खोलीतला अ‍ॅनालायझर मुंबईत कॅलिब्रेट होऊन (आकडे जुळवून) आला, पण वर महाबळेश्वरला बाहेरची स्वच्छ हवाही ३६० पीपीएम (दहा लाख भागांत ३६० भाग सीओ-टू) दाखवायला लागला. हे शक्यच नाही. आज मोकळ्या हवेत सीओ-टू ४२० च्या वर असतो.

आधी सीओ-टू नसलेला शुद्ध नायट्रोजन सोडला: शून्य बरोबर. मग १००० पीपीएम सीओ-टूचा प्रमाणित सिलिंडर लावला: ८६० च्या आसपास. इथेच उलगडा झाला. शून्य जागेवर आणि वरचा आकडा ठरावीक प्रमाणात कमी, म्हणजे सेन्सर शाबूत आहे, फरक हवेच्या दाबाचा आहे. इन्फ्रारेड सेन्सर खरं तर प्रकाशाच्या वाटेतले सीओ-टूचे रेणू मोजतो. सुमारे १३५० मीटर उंचीवर दाब ८६५ हेक्टोपास्कलच्या जवळपास, समुद्रसपाटीला १०१३. विरळ हवेत रेणूच कमी.

सेटिंगमध्ये दाब भरताना मोबाइलवरच्या हवामान अ‍ॅपचा आकडा मुळीच घेऊ नका. तो बहुधा समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला असतो. मी जागेवर बॅरोमीटरने मोजलेला दाब भरला, यंत्र नीट तापू दिलं आणि मगच स्पॅन केलं, म्हणजे सिलिंडर लावून वरचा आकडा १००० ला जुळवला. सिलिंडरच्या नळीला टी (तीन तोंडांचा जोड) जोडून एक तोंड मोकळं ठेवलं, नाहीतर सेलमध्ये (वायू मोजायच्या कप्प्यात) दाब चढतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

उरला दमटपणा. २० अंश आणि ९० टक्के आर्द्रतेला वाफ हवेतली सुमारे अडीच टक्के जागा घेते. सिलिंडरचा वायू मात्र कोरडा. म्हणून नमुन्याच्या नळीत वॉटर ट्रॅप (पाणी अडवणारा) आणि ड्रायर (हवा कोरडी करणारा) बसवला. आता बाहेरची हवा ४२५-४३० दाखवते. पावसाळ्यात दाब आणखी उतरतो, तेव्हा तो आकडा पुन्हा भरतो.