हात आपोआप मागेच ओढतो: यूपीआरटी करून आल्यावर

सीपीएलच्या (कमर्शियल पायलट लायसन्स) मागे लागलेल्या सगळ्यांसाठी लिहितोय, कारण मला हे उड्डाणाचे 200 तास पूर्ण झाल्यावर कळलं आणि खरंतर बरंच आधी कळायला हवं होतं. यूपीआरटी म्हणजे विमान भलत्याच स्थितीत जायला लागलं तर ते वेळेत ओळखायचं, आणि गेलंच तर बाहेर काढायचं, याचं ट्रेनिंग. नाक 25 अंशांपेक्षा वर, 10 पेक्षा खाली किंवा बँक (विमानाचा एका बाजूला कल) 45 च्या पुढे, ही अपसेटची व्याख्या मला तोंडपाठ होती. पाठांतराचा वर गेल्यावर काडीचा उपयोग झाला नाही.

माझं फ्लाइंग अ‍ॅरिझोनात झालं, तिथेच तीन दिवस सुपर डेकॅथलॉन या छोट्या कसरतीच्या विमानावर हे केलं. निघायच्या आधी इन्स्ट्रक्टरने खिसे रिकामे करायला लावले, चावी, मोबाइल, पेन सगळं, आणि का ते वर कळलं, स्टिक (विमान चालवायचा दांडा) पुढे ढकलल्याबरोबर खालची धूळ उठली आणि कुठल्यातरी जुन्या पेनचं टोपण माझ्या नाकासमोर तरंगायला लागलं.

मग 60 अंशांची बँक. लेव्हल टर्नमध्ये तिथे 2 जी (वजनाच्या दुप्पट जोर) लागतात, म्हणजे सरळ उडताना 50 नॉटला स्टॉल होणारं (म्हणजे पंखांची उचल तुटणारं) विमान 70 च्या आसपासच स्टॉल होतं. मी अजून थोडं ओढलं, विमान थरथरलं आणि एक पंख असा काही खाली गेला की समोर फक्त तपकिरी वाळवंट, तेही फिरणारं. माझ्या हातांनी काय केलं? स्टिक आणखी मागे, आणि पंख उचलायला उलटं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी). दोन्ही चूक. पडलेल्या पंखाचं एलेरॉन खाली गेलं की त्या पंखाचा अँगल ऑफ अटॅक (समोरून येणाऱ्या हवेशी होणारा कोन) अजून वाढतो, तो अजून पडतो आणि स्पिनला (स्टॉल होऊन गरगरत पडण्याला) आपणच आमंत्रण देतो. मागच्या सीटवरून शांत आवाज आला, पॉवर आयडल, एलेरॉन न्यूट्रल, उलटं रडर (शेपटीचं सुकाणू) पूर्ण, स्टिक पुढे. जमीन समोर दिसत असताना पुढे ढकलायचं! हे परीक्षेत मी कितीदा लिहिलं असेल, पण हाताला ते माहीतच नव्हतं.

1 जून 2009 ला एअर फ्रान्सचं फ्लाइट 447 अटलांटिकमध्ये पडलं, 228 माणसं गेली. 38,000 फुटांवरून साडेतीन मिनिटं विमान स्टॉलमध्येच खाली येत होतं, स्टॉलची वॉर्निंग 70 पेक्षा जास्त वेळा वाजली आणि बहुतेक वेळ स्टिक मागेच ओढलेली. आधी मी म्हणायचो की एवढ्या अनुभवी लोकांना कळलं कसं नाही, आता नाही म्हणत. युरोपात डिसेंबर 2019 पासून अ‍ॅडव्हान्स्ड यूपीआरटी कंपल्सरी आहे, पहिल्या टाइप रेटिंगच्या (ठराविक मोठं विमान उडवण्याची परवानगी) आधी, किमान 3 तास प्रत्यक्ष विमानात. माझ्या मते तुमच्याकडे कंपल्सरी नसलं तरी करा.

दुसऱ्या दिवशी स्पायरल डाइव्ह. नाक खाली, बँक जास्त, स्पीड वाढतोय (स्पिनमध्ये तो कमीच राहतो, फरक तिथेच ओळखायचा). इथेही ओढावंसं वाटतं, पण बँकमध्ये ओढलं तर स्पायरल आवळत जातो आणि विमानावर लोड येतो. पॉवर कमी, ओढ सोडा, पंख लेव्हल, मग हळू नाक वर. मोठ्याने बोलत करा, मला तिसऱ्या दिवशी त्यानेच जमलं.

मळमळ होणारच, लाजू नका. सकाळी हलकं खा, उपाशी जाऊ नका, दिवसाला दोनपेक्षा जास्त सॉर्टी (उड्डाणं) घेऊ नका आणि पोट ढवळायला लागलं की लगेच सांगा, दहा मिनिटं सरळ उडून परत सुरू करता येतं, उलटी झाल्यावर डोकं चालत नाही.

पैसे भरण्याआधी दोनच गोष्टी विचारा, विमान स्पिनसाठी सर्टिफाइड आहे का आणि इन्स्ट्रक्टर हे नियमित शिकवतो का. आणि परत आल्यावर शाळेच्या ट्रेनरवर एकट्याने यातलं काहीही करून बघू नका, बऱ्याच ट्रेनर विमानांत मुद्दाम स्पिन करायला मनाई असते, ते हँडबुकात स्पष्ट लिहिलेलं असतं.