शेजारच्या घरात कोण राहतंय? या चुका टाळा

कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, हे आपण शाळेत शिकलो. ब्रिटनमध्ये तिथल्या ककू पक्ष्याच्या अशाच सवयीवरून एका गुन्ह्याला नाव पडलंय: ककूइंग. घरटं असतं एकट्या म्हाताऱ्या माणसाचं, मानसिक आजारी किंवा व्यसनात अडकलेल्याचं. आत शिरतात ड्रग्ज विकणारे. मोठ्या शहरांतल्या 'काउंटी लाइन्स' टोळ्यांना लहान गावांत माल ठेवायला, विकायला असं घर सोयीचं पडतं. भाडं नाही, कागदपत्रं नाहीत.

तिथे राहणारी आपली मंडळी पहिली चूक करतात ती ही, की दार फोडून कोणी घुसेल असं त्यांना वाटतं. तसं क्वचितच होतं. आधी मैत्री होते. कोणी सामान आणून देतं, कोणाला फुकट ड्रग्ज मिळतात, मग त्याचीच उधारी डोक्यावर बसते. काही आठवड्यांत किल्ली त्यांच्याकडे आणि ज्याचं घर तो एका खोलीत.

'तो स्वतः तक्रार करत नाही, म्हणजे त्याला चालतंय' ही त्याहून मोठी चूक. मार बसेल, आपल्यालाच पकडतील, काउन्सिलचं (स्थानिक पालिकेचं) भाड्याचं घर जाईल, या भीतीने माणूस गप्प बसतो. पाहुण्यांसमोर 'सगळं ठीक ना?' विचारलंत तर 'हो'च म्हणणार.

एका खुणेवरून निष्कर्षही काढू नका. पोरं येतात-जातात म्हणजे गुन्हाच असं नाही. पण दिवसभर पडदे बंद, रात्री-अपरात्री दोन मिनिटांसाठी येणारे अनोळखी लोक, दारात टॅक्सी किंवा भाड्याच्या गाड्या, शाळेच्या वेळी घरात किशोरवयीन मुलं, आणि नेहमी दिसणारे आजोबा दिसेनासे, हे सगळं जुळत असेल तर थांबू नका.

स्वतः जाऊन जाब विचारू नका, चोरून फोटोही नकोत. तारीख, वेळ, गाडीचा नंबर टिपून ठेवा. तातडीचा धोका असेल तर पोलिसांना ९९९, नाहीतर १०१. नाव सांगायचं नसेल तर निनावी माहिती घेणारी क्राइमस्टॉपर्स ही संस्था, ०८०० ५५५ १११. काउन्सिलच्या सोशल केअर विभागालाही कळवा.

'कळवलं तर बिचारा बेघर होईल' म्हणून गप्प बसणारे मला नेहमी भेटतात. पण इंग्लंड आणि वेल्समध्ये समाजविघातक वर्तनाबद्दलच्या २०१४ च्या कायद्यानुसार न्यायालय तीन महिन्यांपर्यंत घर बंद ठेवण्याचा आदेश देऊ शकतं, आणि तो अंशतःही असतो: राहणारा घरातच राहतो, पाहुण्यांना मज्जाव.