परदेशी कंपनीकडे गावाचा अर्ज घेऊन जाताना

सातारा जिल्ह्यात ग्रामसेवक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. तरी नवीन सरपंच घरी येतात आणि विचारतात, "भाऊ, एमआयडीसीतल्या कंपनीकडनं गावाला काय मिळंल का?" मिळतं. फक्त 'दानशूर साहेबांस नम्र विनंती' असा अर्ज लिहू नका.

आधी कायदा समजून घ्या. कंपनी कायदा 2013, कलम 135. मागच्या वर्षी कंपनीचं नक्त मूल्य (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातला एक आकडा जरी गाठला असेल तरी तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. तोच सीएसआर, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी. फलटणच्या कमिन्सचं मुख्यालय अमेरिकेत, साताऱ्याच्या अल्फा लावलचं स्वीडनमध्ये. पण मालक कुठलाही असो, इथं नोंदलेल्या कंपनीला इथलाच कायदा. मात्र पैसा कुठं द्यायचा ते संचालक मंडळ ठरवतं. कायदा जवळच्या भागाला प्राधान्य द्या म्हणतो, गावाला हक्क देत नाही. त्यामुळं गेटवर घोषणा देऊन उपयोग नाही, गेटवरच्या माणसाच्या हातात काहीच नसतं.

मग कंपनीची वेबसाइट उघडा. सीएसआर धोरण आणि मंजूर प्रकल्प तिथं टाकणं बंधनकारक आहे. पोरांना मोबाइल चालवता येतोच, लावा कामाला. ती कंपनी पाण्यावर खर्च करत असेल तर पाण्याचंच मागा.

काय मागायचं ते याच कायद्याच्या परिशिष्ट 7 मध्ये, म्हणजे सीएसआरमध्ये चालणाऱ्या कामांच्या यादीत, बसलं पाहिजे: शिक्षण, आरोग्य, पिण्याचं पाणी, पर्यावरण वगैरे. यात्रेचा मंडप बसत नाही. कुस्त्यांच्या मैदानाचं बक्षीस देऊन फलकावर कंपनीचं नाव झळकवणं, तेही नाही, ती जाहिरात झाली. पण ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण बसतं. तेव्हा तालमीसाठी मॅट आणि वस्ताद मागा. खाशाबा जाधवांच्या जिल्ह्यात ही मागणी पटवून द्यायला फार बोलावं लागत नाही.

ग्रामसभेचा ठराव जोडा. जागेचा सात-बारा किंवा आठ-अ, अंदाजपत्रक, लाभार्थी किती, आणि पुढं देखभाल कोण करणार हे लिहा. शेवटच्या मुद्द्यावर बहुतेक अर्ज अडकतात. आरओ प्लांट बसवायला सगळे पुढं, फिल्टर बदलायला कुणी नाही. कंपनी बहुधा संस्थेमार्फत काम करते. त्या संस्थेकडं सीएसआर-1 नोंदणी क्रमांक, म्हणजे सीएसआरचं काम घ्यायला लागणारी सरकारी नोंदणी, आहे का ते विचारा. अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत द्या, नव्या आर्थिक वर्षाचा आराखडा ठरायच्या आत. आणि पोच घ्या.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. ओढ्याला रंगीत पाणी येत असेल तर तो विषय या अर्जात घालू नका. सांडपाण्याची अट प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात असते, ती पाळणं म्हणजे समाजसेवा नव्हे. त्याची तक्रार मंडळाच्या सातारच्या उपप्रादेशिक कार्यालयात, तारीख-वेळ आणि फोटोसह, वेगळी द्या. एका गावात मी शाळेला बाकं आली म्हणून तक्रार मागं घेतलेली पाहिली आहे. बाकं शाळेत राहिली, विहिरींचं पाणी तसंच राहिलं.

काम मंजूर झालं तर उद्घाटनाला आमदारांना बोलवा, माझी हरकत नाही. फक्त त्याआधी काम ग्रामपंचायतीच्या मालमत्ता रजिस्टरला चढवा.