निफेडिपिन काम करेना? बाटलीला दोष देण्याआधी या चुका टाळा

सोलापुरात मार्च लागला की सकाळी दहालाच लॅबच्या खिडकीतून ऊन थेट वजनकाट्यावर येतं आणि नेमकं त्याच वेळी कुणीतरी निफेडिपिन या रक्तदाबाच्या औषधाची बाटली प्रयोगासाठी उघडून बसलेलं असतं. दुपारी मग पोरं विचारत येतात, ड्रग काम करेना, बाटलीच खराब आलीय का? बाटली बहुतेकदा चांगली असते, घात उजेडाने केलेला असतो.

ही पिवळी पावडर एल-टाइप कॅल्शियम चॅनेल, म्हणजे स्नायूच्या पेशीत कॅल्शियम आत सोडणारी दारं, बंद करते. पण दिवसाच्या उजेडात तिचं नायट्रोसो रूप तयार होतं, अतिनील उजेडात नायट्रो रूप, आणि दोन्हीकडे मूळची डायहायड्रोपिरिडिन रिंग मोडून साधी पिरिडिन होते, मग चॅनेल अडवायचं काम संपलंच. पावडर तरी थोडी दम धरते, द्रावण लई लवकर जातं. मी स्वतः एकदा कोंबडीच्या आतड्याचा तुकडा ऑर्गन बाथमध्ये (अवयवाचा तुकडा जिवंत ठेवायच्या काचेच्या भांड्यात) लावून पोटॅशियम क्लोराइडने आकुंचन आणलं, 1 मायक्रोमोलर निफेडिपिन टाकलं, आकुंचन नोंदवणारी रेघ हललीच नाही. तीन तुकडे बदलले तरी तेच. दुसऱ्या दिवशी खिडकीवर जुनी सोलापुरी चादर टांगली, अंधारात नवा स्टॉक (पातळ करून वापरायचं दाट द्रावण) केला आणि तोच डोस टाकल्यावर बघता बघता रेघ खाली आली.

म्हणून 420 नॅनोमीटरच्या वरचा पिवळा किंवा लाल उजेडच वापरा, बाटली तपकिरी घ्या, वर फॉइल गुंडाळा, द्रावण त्याच दिवशी करा. आणि हे सगळं करून ऑर्गन बाथची काच मात्र ट्यूबलाइटखाली उघडी ठेवतात, तिलाही फॉइल लावा ना!

दुसरी चूक पाण्याची. निफेडिपिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. 3.46 मिलिग्रॅम 1 मिली डीएमएसओ या द्रावकामध्ये घेतलं की 10 मिलिमोलर स्टॉक होतो, इथपर्यंत सगळे बरोबर असतात, मग तो पातळ करायला बफर, म्हणजे बाथमधलं क्षारांचं पाणी, ओततात आणि तळाशी पिवळा साका बसतो, वरचं पाणी बाथमध्ये जातं. मधली पायरीसुद्धा डीएमएसओमध्येच करा, 1 मिलिमोलर करून त्यातलं 10 मायक्रोलिटर 10 मिलीच्या बाथमध्ये टाका, 1 मायक्रोमोलर झालं आणि डीएमएसओ फक्त 0.1 टक्का. तेवढाच नुसता डीएमएसओ दुसऱ्या तुकड्यावर टाकून बघायचा, हे कंट्रोल सोडू नका.

डीएमएसओ साधारण 18.5 अंशाखाली गोठतो, फ्रिजमधला स्टॉक पूर्ण वितळून हलवल्याशिवाय घेऊ नका. पावसाळ्यात थंड बाटली लगेच उघडली तर आत ओल धरते, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मेडिकलमधली गोळी कुटून वापरणं तर नकोच, तिच्यात बाकीची भर असते. आणि हातमोजे घालाच, डीएमएसओ कातडीतून आत जातो, सोबत ड्रगही नेतो, आणि हे रक्तदाब खाली आणणारं औषध आहे.

शेवटचं बाथला जोडलेल्या नळ्यांचं. निफेडिपिन प्लास्टिकला चिकटून राहतं, साध्या बफरने धुतलं तरी थोडं उरतं. नवा तुकडा लावला, ड्रग टाकलंच नाही आणि तरी आकुंचन कमी आलं, तर आधी नळी अल्कोहोलने धुवा, मग बफरने भरपूर, नाहीतर सरळ बदलून टाका.