फिट्स असलेलं मूल अभ्यासात मागे पडतंय? आधी वही बघा

आमची लेक तिसरीत होती तेव्हा मॅडमनी डायरीत लाल पेननी लिहून पाठवलं, "क्लासमध्ये लक्ष नसतं." मी पण चिडले, दोन धपाटे घातले, आता आठवलं की कसंतरीच होतं. फिट्सची गोळी चालू होती, हातपाय आखडायची मोठी फिट वर्षभरात आली नव्हती, म्हणून आम्ही समजलो की ते प्रकरण मिटलं आणि हा निव्वळ आळस. खरं काय ते डिक्टेशनच्या वहीत सापडलं. ओळ छान चाललेली, मग अक्षर घसरत खाली गेलेलं, दोन शब्द गायब, आणि पुढे परत नीट. जिला लिहिताच येत नाही तिची सगळी ओळ बिघडेल ना, मधलेच दोन शब्द कसे जातील?

तर पहिलं काम हेच, वह्या काढून बसा. ॲब्सेन्स नावाची एक फिट असते, त्यात मूल पडत नाही, नुसतं दहा-पंधरा सेकंद टक लावून बघतं, कधी पापण्या फडफडतात, आणि मग काही झालंच नाही असं पुढे सुरू. दिवसातून कितीतरी वेळा येऊ शकते. विचारात हरवलेलं मूल खांद्याला हात लावला की बहुतेक वेळा भानावर येतं, फिटमधलं नाही येत. मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवा, ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) काढायचा की नाही ते डॉक्टर बघतील.

दुसरं, गोळी आणि झोप. काही औषधांनी सुस्ती येते, टोपिरामेटनी कधी कधी शब्दच आठवत नाहीत, फिनोबार्बिटोननी काही मुलं नुसती चिडचिडी आणि चंचल होतात. पण म्हणून आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही, एकदम बंद केली तर फिट थांबतच नाही अशी वेळ येऊ शकते. आपण फक्त कॅलेंडरवर लिहायचं: गोळी किती वाजता, झोप किती, दिवस कसा गेला. आमच्या कॅलेंडरवर स्पष्ट दिसलं, पाहुणे आले की रात्री अकराला इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, आणि दुसऱ्या दिवशी पोरगी पार हरवलेली. जागरणानं फिट्स पण वाढतात, त्यामुळे सराफा आता बंद, पाहुणे रुसले तर रुसोत.

तिसरं जरा पचवायला जड आहे. फिट्स पूर्ण थांबल्या तरी काही मुलांना लक्ष टिकवणं, लक्षात ठेवणं, भरभर लिहिणं अवघड जातं, आणि काहींना तर हे पहिल्या फिटच्या आधीपासूनच असतं, कारण दोन्हीचं मूळ मेंदूतच. म्हणजे मूल "ढ" आहे असं अजिबात नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून टेस्ट करून घ्या, नेमकं कुठे अडतंय ते कळतं. आमच्याकडे "दप्तर ठेव, हात धू, डबा काढ" म्हटलं की फक्त डबा बाहेर यायचा! आता एका वेळी एकच गोष्ट सांगते, पाढे पंधरा मिनिटं, मग उठायचं, आणि सकाळी पोहे खाताना कालचेच परत.

शाळेला तोंडी सांगून काही होत नाही, एक कागद द्या. वर फिटचं: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर 108. खाली अभ्यासाचं: पुढच्या बाकावर बसवा, सुटलेलं वाक्य परत सांगा, फळ्यावरचं उतरवायला वेळ द्या. लर्निंग डिसॅबिलिटी (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) निघाली तर सर्टिफिकेट काढून ठेवा, 2016 च्या दिव्यांग कायद्यात ती येते आणि सीबीएसई बोर्डाच्या 3 तासांच्या पेपरला 1 तास जास्त मिळतो.

एप्रिलमध्ये नवीन सेशन लागलं की मॅडम बदलतात आणि सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, म्हणून मी त्या कागदाच्या दहा झेरॉक्स काढून ठेवल्यात, एक रिक्षावाल्या काकांकडे पण आहे.