आजी-आबा आलेत, मुलं घरात आहेत: गॅलरीत बाग सुरू कशी करावी

आजी-आजोबा पुण्याला राहायला येतात आणि तिसऱ्या दिवशी कंटाळतात. सारसबाग होते, तळ्यातल्या गणपतीचं दर्शन होतं, टीव्ही बघून होतो. मग आबा गॅलरीत उभे राहून म्हणतात, "एवढी जागा रिकामी ठेवलीय, चार मिरच्या तरी लावायच्या." पोरं तेवढं ऐकून कुंडीतली माती उकरायला लागतात. बाग सुरू करायला याहून चांगली वेळ नाही.

फक्त त्यासाठी "मुलांना निसर्गाशी जोडा" छापाचे सल्ले वाचू नका. त्यांत रंगवलेल्या कुंड्यांचे फोटो असतात आणि पाणी किती घालायचं याचं एक वाक्य असतं: "नियमित पाणी द्या." लहान मुलं आणि आजी-आजोबा असलेल्या घरातली निम्मी झाडं या एका वाक्याने मरतात. म्हणून खाली बाकीचं थोडक्यात आहे आणि पाण्याबद्दल भरपूर.

कधी सुरू करायचं

दिवाळीच्या सुट्टीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुण्यात ऊन सोसण्याइतकं असतं, पाऊस गेलेला असतो आणि मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, टोमॅटो सगळं येतं. आजी-आबा मे महिन्यातच येणार असतील तर पालेभाज्यांचा हट्ट सोडा. अडतीस-चाळीस अंशांत कोथिंबीर हातभर वाढायच्या आत फुलावर येते. मे महिन्यात चवळी, दोडका, कारलं लावा, हळदीचे कंद लावा आणि उरलेला वेळ माती तयार करण्यात घालवा. गावाकडचे आबा मृगाची वाट बघायला सांगतील. शेतात ते बरोबर आहे. उघड्या गच्चीवरच्या उथळ ट्रेमधलं बारीक बी मात्र जूनच्या पहिल्या जोरदार सरीत उडून जातं.

जागा

चार-पाच तास थेट ऊन येणारी बाजू निवडा. उत्तरेची गॅलरी असेल तर अळू, पुदिना, पानओवा यांवर समाधान माना.

एक गोष्ट मात्र अजिबात ऐच्छिक नाही. रेलिंगला लागून एकही कुंडी ठेवायची नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी बारा इंची कुंडी म्हणजे पायरी असते. सगळ्या कुंड्या घराच्या भिंतीच्या बाजूला. रेलिंगवर बाहेरच्या अंगाला लटकवायच्या कुंड्या तर विसराच, मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्यात त्या खालच्या माणसाच्या डोक्यावर जातात.

घरात कण्हेर नको, डिफेनबाकिया नको. दोन्ही विषारी आहेत आणि दोन्ही नर्सरीवाला "कमी काळजीचं झाड" म्हणून आनंदाने देतो.

माती

दोन भाग लाल माती, दोन भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट, कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. हडपसरच्या पुढे सोलापूर रस्त्याला नर्सऱ्यांची रांगच आहे, तिथे सगळं एका फेरीत मिळतं. नुसती लाल माती भरू नका, दोन महिन्यांत तिची वीट होते. शेतातली काळी माती गाडीत घालून आणायचा आबांचा बेत गोडीने मोडून काढा. ती शेतात सोनं आहे. कुंडीत ती पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते.

कुंडीच्या तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे भरायचा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याने निचरा सुधारत नाही. उलट खडीच्या वर माती ओली राहते आणि मुळांची जागा कमी होते. छिद्रावर नारळाची शेंडी ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढंच तिचं काम. छिद्रं मोठी आणि निदान चार हवीत. प्लॅस्टिकच्या कुंड्यांना ती बऱ्याचदा अर्धवट कापलेली असतात, ती आधी तपासा.

काय पेरायचं

पहिल्या दिवशी मेथी. आजी-आबांचा मुक्काम तीन-चार आठवड्यांचा असला तर ते असतानाच ती ताटात येते, आणि मुलांची सहनशक्ती चार दिवसांची असते, तर तेवढ्यात ती उगवलेली असते. किराणा दुकानातलीच मेथी घ्या. धणेही तिथलेच, पण ते लाटण्याने हलके दाबून दोन फाकी करा. उगवायला त्यांना आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे पोरांच्या आशेला धण्यांवर टांगू नका.

किराण्यातलं बी घ्या म्हणण्याचं कारण काटकसर नाही. पाकिटातलं गुलाबी किंवा निळं दिसणारं बी बुरशीनाशक लावलेलं असतं. ते तीन वर्षांच्या मुलाच्या हातात द्यायचं नाही, टोमॅटो-मिरचीची तयार रोपंच आणावीत.

ट्रे सहा इंच खोल असला की पुरे. बी पेरताना आजीला पुढे करा, तिच्या चिमटीतून बी सारखं पडतं. पोरं एकाच कोपऱ्यात ढीग करतात. करू द्या, तेवढा कोपरा त्यांचा.

आजीच्या पिशवीतून काय काय निघालंय तेही बघा. गावाहून येणारी पिशवी रिकामी येत नाही. गवती चहाचा ठोंब, हळद, अळूचे कंद यांतलं काहीतरी असतंच. अळू असेल तर फार उत्तम. का, ते पुढे येतंय.

पाणी

आता मुख्य विषय. आमच्याकडे सर्वांत जास्त दिवस घोळ इथेच चालला आणि ओळखीच्या घरांतही गाडी इथेच अडते.

घरातला दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी आबा उठतात आणि झारी घेऊन सगळ्यांना पाणी घालतात. नंतर आजी तांदूळ धुतलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून मिरचीला घालते. दुपारी मुलगी शाळेतून येते आणि "माझं झाड" म्हणून मेथीवर मग उपडा करते. संध्याकाळी तुम्ही कामावरून येता, पानं मलूल दिसतात, तुम्हीही घालता. प्रत्येकाने प्रेमाने एकदाच घातलेलं असतं. कुंडीला ते चौथं असतं.

शेतात जास्तीचं पाणी खाली उतरतं, बाजूला जातं. कुंडीत त्याला जायला जागा नाही. मातीतल्या पोकळ्यांत पाणी भरलं की मुळांना हवा मिळत नाही, मुळं कुजतात आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. म्हणून ओल्या मातीतलं झाड तहानल्यासारखं माना टाकतं. ते बघून घरातलं कुणीतरी हळहळतं आणि अजून पाणी घालतं. मेथीच्या दाट कोवळ्या रोपांना तर एवढाही वेळ लागत नाही. ती मातीच्या पातळीला बारीक होऊन एका रात्रीत आडवी होतात. ही मर आहे, कोवळ्या रोपांचा रोग. तिच्यावर औषध शोधत बसू नका, ट्रे रिकामा करा, नवी माती भरा आणि पुन्हा पेरा.

यावर आठवड्याचं वेळापत्रक फ्रिजवर लावायचा सल्ला मिळतो. त्याचा उपयोग होत नाही, कारण आबा फ्रिज वाचत नाहीत आणि मुलीला वाचता येत नाही. उपयोग या गोष्टींचा होतो.

पाण्याचा मालक एकच. शक्यतो आबा. झारी त्यांच्या ताब्यात, बाकी कुणी हात लावायचा नाही, तुम्हीसुद्धा. आजीचं तांदळाचं पाणी एका बादलीत जमा करायचं आणि आबांनी त्याच दिवशी ते झारीतून वापरायचं. शिळं ठेवलं की आंबून वास मारतं.

बोट मात्र पोराचं. झारी उचलण्याआधी मुलाने किंवा मुलीने प्रत्येक कुंडीत बोटाची दोन पेरं खुपसायची आणि निकाल द्यायचा: ओलं की कोरडं. ओलं म्हटलं की आबांनी पुढच्या कुंडीकडे जायचं, वाद नाही. चार वर्षांच्या मुलाला हे काम पाणी घालण्यापेक्षा जास्त आवडतं, कारण त्यात आबांना "नाही" म्हणता येतं. कोकोपीट असलेली माती वरून कोरडी आणि आत ओली असते, म्हणून नुसतं बघून ठरवायचं नाही. मोठ्यांनी कुंडी किंचित कलती करून वजनाचा अंदाज घ्यावा, काही दिवसांत हात बसतो.

शेती केलेल्या सासऱ्यांना "जास्त पाणी घालू नका" असं सुनेने किंवा जावयाने सांगू नये. पन्नास वर्षं पिकवलेल्या माणसाला गॅलरीत उभं राहून शिकवणं बरं दिसत नाही आणि ते ऐकतही नाहीत. "आबा, या कुंडीत वाफसा आलाय का बघता?" असं विचारा. फाजील ओल ओसरून माती भुरभुरीत झाल्याशिवाय शेतात पाऊल टाकायचं नाही, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. कुंडीकडे त्या नजरेने बघायची आठवण करून द्यायची, बस.

घालायचं तेव्हा पोटभर घाला. बारा इंची कुंडीला लिटर-दीड लिटर, खालच्या छिद्रातून थेंब येईपर्यंत. मग बोटाला आत कोरडं लागेपर्यंत हात लावू नका. रोज कपभर शिंपडलं की वरची इंचभर माती भिजते, मुळं वरच राहतात आणि पहिल्या कडक उन्हात झाड बसतं. पेरलेल्या ट्रेचं गणित वेगळं: उगवेपर्यंत हलका फवारा, सकाळ-संध्याकाळ. बाटलीच्या झाकणाला बारीक भोकं पाडली की काम होतं, झारीच्या धारेने बी वाहून जातं.

दुपारच्या उन्हात पानं मलूल झाली म्हणून धावू नका. संध्याकाळी ती ताठ होत असतील तर झाड ठीक आहे. सकाळी सातलाही माना खाली असतील तर बोट घाला. कोरडं असेल तर पाणी. ओलं असेल, खालची पानं पिवळी पडत असतील, मातीवर चिलटं फिरत असतील, तर कुंडीखालची ताटली काढा, कुंडी सावलीत वाऱ्याला ठेवा, काडीने मातीत खोल भोकं पाडा आणि घरातल्या सगळ्यांना तिच्यापासून लांब ठेवा. या अवस्थेत खत घालणं म्हणजे जुलाब झालेल्या पोराला श्रीखंड भरवणं.

आता पोराच्या मगाचं काय? त्याला पाणी ओतायचंच असतं आणि ओतू दिलं नाही तर बाग त्याची राहत नाही. इथे आजीचं अळू कामाला येतं. जुनी बादली घ्या, छिद्रं तळाला न पाडता तळापासून दोन इंच वर बाजूला पाडा, माती आणि भरपूर कंपोस्ट भरा, दोन-तीन कंद लावा. तळाशी थोडं पाणी साठतं, जास्तीचं बाजूने निघून जातं आणि अळूला ते मानवतं. ही बादली पोराची. दिवसातून पाच वेळा ओतलं तरी चालेल. फक्त कच्चं पान तोंडात घालायचं नाही, घसा खाजतो, हे आजीनेच सांगावं, तिचं ऐकतात. पान वडीचं आहे की भाजीचं हेही तीच ठरवेल.

तुळशीच्या बाबतीत मात्र बोट आणि निकाल काही चालत नाही. आजी अंघोळ करून रोज तांब्याभर पाणी घालणार, ते थांबवायला जाऊ नका. तुळशीची कुंडी मोठी घ्या, मातीत वाळू जास्त घाला आणि देवघरात लहान तांब्या ठेवा.

पावसाळ्यात दोन उलट्या चुका होतात. उघड्या गच्चीवर जुलैभर पाणी घालायची गरज नसते, तरी सवयीने घातलं जातं. छताच्या गॅलरीत पावसाचा थेंब येत नाही, पण बाहेर धो धो कोसळताना बघून कुंड्यांचा विसर पडतो. तिथे बोट चालूच ठेवा. ताटल्यांत साचलेलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून पुसून घ्या, डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. ताटली ठेवायचीच नाही म्हणाल, तर खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर लाल पाणी पडतं आणि सोसायटीच्या ग्रुपवर तुमची बाग प्रसिद्ध होते.

गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असलं तर एक दिवसाने काही बिघडत नाही. आरओचं वाया जाणारं पाणी एकटंच रोज घालू नका, त्यातले क्षार मातीत साठतात. साध्या पाण्यात मिसळून वापरा.

कीड

मिरचीवर मावा येतोच. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा भांड्यांचा साबण, नीट ढवळून संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला. मुलं आत असताना फवारा.

आजी-आबा परत गेले की

आता झारीचा नवा मालक ठरवा, आणि जाण्याआधी आबांकडूनच ठरवून घ्या, म्हणजे घरात त्यावरून भांडण होत नाही. मेथीचा ट्रे रिकामा झाला की माती उकरून दोन मुठी कंपोस्ट मिसळा आणि पुन्हा पेरा. दर दहा-बारा दिवसांनी अर्धा ट्रे पेरत गेलात तर थंडी संपेपर्यंत मेथी आलटून पालटून मिळत राहते. मुलांनी व्हिडिओ कॉलवर आबांना मिरचीचं झाड दाखवलं की आबा हमखास म्हणणार, "पाणी कमी पडतंय." हो म्हणा आणि आधी बोट घालून बघा.