सलाईन स्प्रेमधलं प्रिझर्व्हेटिव्ह: कधी चालतं, कधी टाळावं

नुसतं मिठाचं पाणी आहे, त्यात काय वाचायचं, असं म्हणून सलाईन स्प्रेचं लेबल सहसा कुणी बघत नाही. चार-आठ दिवसांच्या सर्दीपुरतं ते चालूनही जातं. पण ॲलर्जी, जुनाट सायनस किंवा कोरड्या हवेमुळे महिनोन्‌महिने रोज स्प्रे मारावा लागत असेल, तर मीठ आणि पाणी सोडून बाटलीत आणखी काय आहे ते बघायलाच हवं.

सक्रिय घटकांच्या खाली बारीक अक्षरांत जी यादी असते, तिथे आधी बेन्झाल्कोनियम क्लोराइड शोधा. थोडक्यात बीकेसी. नाकाच्या स्प्रेमध्ये हेच प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे द्रवात जंतू वाढू न देणारा घटक, सर्वांत जास्त वापरलं जातं, प्रमाण साधारण 0.01 ते 0.02 टक्के. काही बाटल्यांत बेन्झिल अल्कोहोल, फिनाइलइथाइल अल्कोहोल किंवा पोटॅशियम सॉर्बेट असतं. डायसोडियम ईडीटीए हे मुख्यतः बीकेसीचा जोर वाढवण्यासाठी घातलेलं असतं. सोडियम फॉस्फेट दिसलं तर ते आम्लता स्थिर ठेवण्यासाठी आहे, त्याची काळजी नको. यादीत ऑक्सिमेटाझोलीन किंवा झायलोमेटाझोलीन असेल, तर तो साधा सलाईन स्प्रे नव्हेच. तो चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध आहे आणि तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरला की नाक उलट जास्त चोंदू लागतं.

प्रिझर्व्हेटिव्ह घालण्याचं कारण साधं आहे. बाटली दाबून सोडली की ती हवा आत ओढते, आणि हवेबरोबर नाकातला थोडा शेंबूडही. 0.9 टक्के मिठाने जंतू मरत नाहीत. त्यामुळे साध्या बाटलीत प्रिझर्व्हेटिव्ह नसेल तर आठवडाभरात तेच पाणी जंतूंचं घर होऊ शकतं. ‘रसायनमुक्त’ हा शब्द वाचून भुलू नका. बाटलीची रचनाच जंतू रोखणारी आहे का, ते आधी बघा.

आता दुसरी बाजू. बीकेसी जंतूंचं बाह्य आवरण फोडतं, पण जंतू कोणता आणि नाकाची पेशी कोणती हा भेद त्याला कळत नाही. नाकाच्या अस्तरावरची सूक्ष्म लव सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून शेंबूड घशाकडे ढकलते. सायनसच्या पोकळ्याही याच लवेच्या जोरावर आपल्या बारीक तोंडांतून रिकाम्या होतात. प्रयोगशाळेत पेशींवर बीकेसी घातलं की ही लव मंदावते किंवा थांबते. प्रत्यक्ष नाकात मात्र शेंबूड ते पातळ करतो आणि दहा-वीस मिनिटांत वाहून नेतो. म्हणून माणसांवरच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत: काहींत कोरडेपणा आणि चुरचुर आढळली, काहींत फरक दिसला नाही. युरोपातल्या नियमांनुसार बीकेसी असलेल्या नाकाच्या औषधांच्या माहितीपत्रकात, दीर्घ वापराने नाकात दाह किंवा सूज येऊ शकते, अशी सूचना द्यावी लागते. इतकं म्हणणं रास्त आहे. ‘बीकेसीने सायनस खराब होतो’ हे मात्र फार झालं. शस्त्रक्रिया न झालेल्या सायनसमध्ये स्प्रेचे थेंब जवळजवळ पोचतच नाहीत; जो काही त्रास होईल तो नाकाच्या अस्तराला.

मग निवड अशी करा. अधूनमधून वापर असेल तर कोणताही चालेल. रोजचा वापर, सायनसची शस्त्रक्रिया झालेली, वारंवार घोळणा फुटणं किंवा तान्हं बाळ, यांसाठी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेला घ्या. तो तीन रूपांत मिळतो: एकदाच वापरायच्या छोट्या कुप्या, हवा गाळून आत घेणारा झडपेचा पंप आणि दाबाखालचा डबा. कुपीत द्रव उरला म्हणून दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. पंपाचं टोक तुंबलं तर टाचणीने टोचू नका. झडप फाटली की त्या पंपाचा उपयोगच संपला. रिकामी बाटली घरच्या पाण्याने भरणं तर नकोच.

स्प्रेने चुरचुरतं म्हणजे दोष प्रिझर्व्हेटिव्हचाच असं नाही. 2-3 टक्के मिठाचा तीव्र द्रवही झोंबतो, आणि मधल्या पडद्यावर नेम धरून मारला तर कोणताही स्प्रे खपल्या आणि रक्त आणतो. म्हणून आधी पद्धत सुधारा. मान किंचित पुढे झुकवा, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरा, टोक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेने धरा. दाबायची बाटली असेल तर ती दाबलेलीच ठेवून नाकातून बाहेर काढा आणि मग सोडा, म्हणजे शेंबूड आत ओढला जाणार नाही. टोक पुसा. एक बाटली एकाच माणसाची.

एवढं करूनही त्रास राहिला तर त्याच तीव्रतेचा, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेला स्प्रे दोन आठवडे वापरा आणि बाकी काही बदलू नका. चुरचुर गेली तर उत्तर मिळालं. स्टिरॉइड स्प्रेही चालू असेल तर त्याचंही लेबल वाचा. फ्लुटिकासोन प्रोपियोनेट आणि मोमेटासोनच्या अनेक स्प्रेंमध्ये बीकेसी असतं. तो स्वतःहून बंद करू नका, पर्याय डॉक्टरांना विचारा. डोळ्याभोवती सूज, दृष्टीत फरक, तीव्र डोकेदुखीसह ताप किंवा एकाच नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव असेल तर असले प्रयोग न करता थेट डॉक्टर गाठा.

सायनससाठी खरी धुलाई हवी असेल तर स्प्रेपेक्षा 200-250 मिलीलिटरची बाटली जास्त उपयोगी, आणि त्यात प्रिझर्व्हेटिव्हचा प्रश्नच येत नाही. तीन चमचे आयोडीनविरहित मीठ आणि एक चमचा खायचा सोडा कोरडे मिसळून ठेवा. त्यातला एक सपाट चहाचा चमचा (5 मिलीलिटरचा) 240 मिलीलिटर कोमट पाण्यात विरघळवा. झोंबलं तर मिश्रण कमी घाला. पाणी डिस्टिल्ड, नाहीतर खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट (2,000 मीटरहून उंचावर तीन मिनिटं) उकळून निववलेलं. नळाचं पाणी थेट वापरू नका: त्यात नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा असला तर नाकावाटे मेंदूत जाऊन तो बहुधा जीवघेणा ठरतो. द्रव दर वेळी ताजा करा, उरलेला ओतून द्या आणि बाटली धुऊन पूर्ण कोरडी होऊ द्या.